फिकट पट्ट्याची रुंदी

“पण यातलं कुठलं माप चुकलंय, तेवढं तरी सांगाल का, सर?”

दिनकर सबनीसने कागदांची चळत टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

पोंक्षे सर वस्तऱ्याला धार लावत होते. खिडकीच्या गजाला बांधलेल्या चामड्याच्या वादीवरून पातं वर जात होतं, खाली येत होतं.

“एकही चुकलेलं नाही,” ते म्हणाले.

“मग सही करा.”

पातं वर गेलं. खाली आलं.

“बाकीच्या काचा कुठं आहेत?”

सबनीसने डोळे मिटून घेतले. मंगळवारी हाच प्रश्न. काल हाच प्रश्न. आणि आज, बाहेर टांगा उभा असताना, पुन्हा हाच.

“बाकीच्या खराब होत्या, सर.”

“खराब म्हणजे?”

“म्हणजे... खराब!”

सरांनी अंगठ्याच्या नखावर धार पाहिली. ती त्यांना पसंत पडली नाही. पातं पुन्हा वादीवर गेलं.

ही गोष्ट लढाईच्या दिवसांतली. कृष्णाकाठच्या एका लहानशा संस्थानात वैद्यकीची शाळा होती. तिच्या मागच्या अंगाला, जिथं एके काळी राजेसाहेबांचे घोडे बांधत, तिथं डॉ. पोंक्षे स्नायू पाहत बसत.

मुंबईहून पदवी घेऊन ते आले तेव्हा गावाला वाटलं, चला, आता दवाखाना निघेल. दवाखाना काही निघाला नाही. आले ते बेडूक. स्नायूच्या आत काय असतं, ते भिंगाखाली धरून पाहणारा त्या मुलखात त्यांच्याआधी कुणी झाला नव्हता. मांस म्हणजे मांस, त्यात पाहायचं काय? शाळेच्या पहिल्या प्रमुखांनी तर तोंडावर सांगितलं होतं, “एवढीच हौस असेल तर खाटीकआळीत बिऱ्हाड करा.” सरांनी खरोखरच खाटीकआळीला लागून बिऱ्हाड केलं. भाडं कमी होतं.

गाव त्यांना बेडूकडॉक्टर म्हणे. तापाने फणफणलेला रोगी दारात आला, तर ते त्याला पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे धाडत, आणि कुठल्या बोळातून वळायचं तेही नीट समजावून सांगत.

सबनीस त्यांच्याकडे आला तो सुवर्णपदक घेऊन. पोरगा हुशार होता. आपण हुशार आहोत, हे घटकाभरही विसरणं मात्र त्याला जमत नसे.

सरांनी त्याला आधी बांधायला शिकवलं. बेडकाच्या मांडीतला स्नायू मोकळा कापला की जागच्या जागी आखडतो. म्हणून आधी त्याची दोन्ही टोकं बांबूच्या काडीला दोऱ्याने बांधायची, मगच कापायचं, आणि काडीसकट औषधात सोडायचं. पुढे वस्तऱ्याने त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर बसवायचे. भिंगाखाली मग एकेका तंतूवर आडवे पट्टे दिसतात. एक काळा, एक फिकट, एक काळा, एक फिकट... गादीच्या खोळीसारखे.

सबनीसने फिकट पट्टा निवडला. त्याची रुंदी नेमकी किती, हे कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. आपण सांगायचं, असं त्याने ठरवलं. आणि सांगितलंही. टेबलावर आपटलेल्या चळतीत ते होतं, सुबक अक्षरात, दशांशासकट.

नागपूरच्या एका कॉलेजात विभागप्रमुखाची जागा निघाली होती. सोमवारी मुलाखत. येताना स्वतःच्या कामाचा निबंध आणावा, खाली गुरूची सही असावी, असं कळवलं होतं. संध्याकाळची गाडी गाठायची होती. तिकडे कऱ्हाडला त्याच्या वडिलांनी पेढे आधीच वाटून टाकले होते.

आणि इथं वस्तरा वर जात होता, खाली येत होता.

“बांधणी चुकलेल्या काचा आहेत त्या, सर,” सबनीस दात आवळून म्हणाला. “काही काड्यांवर दोरा सैल राहिला. काहींवर जास्त ओढला गेला. सैल राहिला की फिकट पट्टा अरुंद होतो, ओढला की रुंद. एकीचा मेळ दुसरीला नाही. असल्या काचांवरून माप काढायचं तरी कसं?”

“बांधल्या कुणी?”

“मीच.”

“आणि निबंधात घेतल्यास त्या?”

“त्याही मीच. पण त्या नीट बांधल्या होत्या.”

“नीट बांधल्या, हे कशावरून?”

“त्यांची मापं जुळतात.”

वस्तरा थांबला.

आपण काय बोललो ते सबनीसच्याही कानांवर पडलं. त्याने घाईघाईने घसा साफ केला.

“म्हणजे... तसं नाही, सर.”

“मग कसं?”

“तुम्ही शब्दांत पकडताय!”

बाहेरून टांगेवाल्या बाबालालची हाक आली. “डाक्टरसाब, चला की बिगीबिगी! गाडी काय सासऱ्याची हाय व्हय, थांबाया?”

“आलो, आलो!” सबनीस ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, पाया पडतो तुमच्या. एक सही.”

“कशाखाली?”

“या निबंधाखाली!”

“हा निबंध तू पाहिलेल्या काचांचा आहे, की ठेवलेल्या?”

सबनीसला वाटलं, हा मनुष्य हयातभर बेडकांशीच बोलला आहे. माणसांशी कसं बोलायचं असतं, हे शिकायला त्याला सवडच झालेली नाही.

“स्पष्टच बोलतो, सर. राग मानू नका.”

“बोल की.”

“तुम्ही इतकी वर्षं पाहताय. पाहताय, पाहताय आणि पाहताय. छापलंत काय? काही नाही. आणखी थोडं पाहू, आणखी थोडं पाहू... तुमच्यानंतर मीही याच पागेत बसून तेच करायचं का?”

चुकलंच, असं सबनीसला वाटलं. पण शब्द गेले ते गेले.

सरांनी वस्तरा मिटला.

“बादलीत आहेत का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“काचा.”

लढाईमुळे परदेशी काचा येईनाशा झाल्या होत्या. म्हणून टाकाऊ काचा सोड्याच्या पाण्यात भिजत घालायच्या, चार दिवसांनी वरचा थर खरवडायचा आणि पुन्हा वापरायच्या, अशी पागेतली पद्धत होती. सबनीसने आपल्या खराब काचा कालच बादलीत टाकल्या होत्या. जाताना जागा स्वच्छ करून जावं, एवढाच त्याचा हेतू होता.

सर बादलीशी उकिडवे बसले आणि बाही वर सारू लागले.

“अहो सर, सोडा आहे त्यात! हाताची सालं निघतील!”

“मग तू काढ.”

“मी?... नवा कोट आहे, सर. मुलाखतीसाठी शिवलाय.”

“कोट काढून ठेव. आपल्याला हात लागणार आहे, कोट नव्हे.”

सबनीसने कोट खुंटीला लावला. टाय खांद्यावरून पाठीमागे टाकला. बादलीत हात घालताना त्याने मनातल्या मनात जे शब्द वापरले, ते कऱ्हाडच्या वडिलांनी ऐकले असते तर पेढे परत मागवले असते.

एकेक काच वर आली. काहींवरचा थर सुटून वाहून गेला होता. बऱ्याचशा मात्र शाबूत होत्या, काप बसवायचा चिकटा चिवट होता. सर धोतराच्या सोग्याने एकेक काच पुसत आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडून ठेवत.

“इतक्या काड्या सैल सुटल्या तुझ्या?” ते म्हणाले.

“हो. घाई झाली. कबूल आहे.”

“माझी एकही सुटली नाही कधी...”

हा टोमणा सबनीसच्या वर्मी बसला. त्याचे कान तापले.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला यांत काय आहे ते पाहायचंय ना? यांत काहीही नाही. मी दाखवतोच तुम्हाला. एकेक करून दाखवतो. मग तरी सही कराल?”

“दाखव.”

तो सूक्ष्मदर्शकापुढे बसला. खिडकीतल्या उजेडाकडे खालचा आरसा वळवला. पहिली काच सरकवली, तिच्यावर तेलाचा थेंब सोडला, भिंग खाली आणलं. भिंगात बारीक मोजपट्टी कोरलेली होती.

“ही पाहा. सैल सुटलेली. फिकट पट्टा कसला, नुसती रेघ आहे रेघ.”

“काळा?” सर दुसरी काच पुसत होते.

“काळा आहे तसाच. ही दुसरी बघा. ही ओढली गेलेली. फिकट पट्टा केवढा पसरलाय! हे आणि मघाचं एकाच निबंधात कसं घालायचं, तुम्हीच सांगा.”

“काळा?”

“काळ्याचं काय मध्येच, सर? काळा नेहमीएवढाच.”

सरांनी तिसरी काच त्याच्या हातात दिली.

“हिच्यात तर फिकट जवळजवळ नाहीच! गायब! आता बोला.”

“काळा?”

“आहे.”

“केवढा?”

“आहे तेवढाच!”

“डाक्टरसाब!” बाबालाल दारात येऊन उभा राहिला होता. “घोडं दमलं उभं राहून. मी निगालो बगा.”

“थांब रे बाबा! एक मिनिट!” सबनीसने मान वर केली नाही. त्याला आता हे प्रकरण संपवायचंच होतं. चौथी काच. तेल. भिंग. “वा! ही तर सगळ्यांवर कडी. अर्धी सैल, अर्धी ताठ. एकाच तुकड्यात दोन मापं. इकडे अरुंद, तिकडे रुंद. हिचं काय लोणचं घालू मी?”

“काळा?”

“अहो तोच! तोच आहे, सर! किती वेळा विचाराल? इकडे तोच, तिकडे तोच. सैल असो, ताठ असो, काळा कुठं बदल...”

तो थांबला.

कट्ट्यावरच्या काचांचं पाणी ठिबकत होतं.

सबनीसने चौथी काच पुन्हा डावीकडे सरकवली. उजवीकडे सरकवली. मग ती काढून पहिली लावली. मग तिसरी. कुणी मागितली नसताना त्याने कोटाशेजारची आपली काचांची पेटी उघडली आणि आतली एक चांगली काच काढली, निबंधातली. तीही लावली.

“सर...”

“हं.”

“स्नायू आखडतो तेव्हा...”

“हं.”

“काळा आखडतच नाही.”

सरांच्या हातातली काच पुसायची राहिली.

“सगळा फरक फिकटात पडतो. सैल सोडला की तो मिटतो, ओढला की उघडतो. काळा जागचा हलत नाही...” सबनीस स्वतःशीच बोलत होता. “मग आखडतं काय? आत नेमकं कोण कुठं जातं?”

त्याची नजर टेबलावरच्या चळतीकडे गेली. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात आकडा होता. ज्याला स्वतःची अशी रुंदीच नाही, त्याची रुंदी त्याने दशांशापर्यंत काढून ठेवली होती. आणि ती काढता यावी म्हणून बाकी सगळं सोड्याच्या पाण्यात बुडवलं होतं.

त्याच वेळी टेबलापाशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर तिथं जाऊन बसले होते. त्यांनी दौतीचं झाकण उघडलं, टाक बुडवला आणि चळत आपल्यापुढे ओढली.

“कुठं करू? इथं खाली?”

“काय?”

“सही.”

सबनीस ताडकन उठला. दोन ढांगांत टेबलापाशी पोचला आणि त्याने चळतीवर पंजा ठेवला.

“नको.”

“नको?” आता वैतागायची पाळी सरांची होती. “अरे, आठवडाभर डोकं खाल्लंस माझं! धड धार लावू दिली नाहीस.”

“यात काळ्याबद्दल एक ओळ नाही, सर.”

“नसेना. मापं बरोबर आहेत. मी स्वतः तपासलीत.”

“बरोबर आहेत, पण...”

“पण काय? यात काय नाही, ते मघापर्यंत तुलाच ठाऊक नव्हतं. म्हणून मी सही करत नव्हतो. आता ठाऊक झालं. काढ तो हात.”

“थट्टा करू नका, सर.”

“थट्टा कसली? जागा चांगली आहे. पगार चांगला आहे. घरी पेढे वाटलेत. काढ हात, शाई वाळतेय.”

सबनीसने हात काढला नाही.

त्याने दाराकडे पाहिलं. बाबालाल तिथं उभा होता आणि पलीकडे त्याचं घोडं मान खाली घालून. आता निघालं तर गाडी मिळाली असती. सही मिळत होती. आकडाही खोटा नव्हता. नागपूरला हा आकडा पाहून कुणी विचारलं नसतं, बाकीच्या काचा कुठं आहेत म्हणून. तसं विचारणारा माणूस नागपूरला नव्हताच...

त्याने चळत उचलली. दुमडली, पुन्हा दुमडली, आणि खुंटीवरच्या नव्या कोटाच्या खिशात कोंबली. खिसा उसवला. त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

“बाबालाल, तू जा.”

“आन् गाडी?”

“गाडीलाही जाऊ दे.”

बाबालालने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे, मग धोतराचा ओला सोगा पिळत उभ्या राहिलेल्या पोंक्षे सरांकडे.

“शिकल्याली मान्सं!” तो म्हणाला आणि गेला. टांग्याची घंटी वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

ती ऐकू येईनाशी झाली, तसा सबनीस सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर जाऊन धपकन बसला. वडिलांना काय सांगायचं? काळा पट्टा बदलत नाही म्हणून मी आलो नाही? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तो सगळा संताप समोरच्या एकाच माणसावर जाऊन आदळला.

“तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं,” तो म्हणाला.

सरांनी दौतीचं झाकण लावलं.

“ठाऊक असल्याशिवाय का कुणी असं विचारतं? काळा, काळा, काळा! मंगळवारीच एका शब्दात सांगितलं असतंत, तर चार दिवसांत मी नवा निबंध लिहिला असता. गाडी मिळाली असती. जागा मिळाली असती. पण नाही. मला आधी त्या बादलीत हात घालायला लावायचा होता. फरफटवायचं होतं!”

सर टेबलाला वळसा घालून त्याच्याकडे येत होते.

“कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला? दहा वर्षं? वीस वर्षं? निदान आता तरी खरं सांगा, सर. कधी पाहिलंत हे पहिल्यांदा?”

सर सूक्ष्मदर्शकापाशी येऊन थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. स्टुलाच्या कडेला धरून ते वाकले आणि त्यांनी भिंगाखाली चौथी काच सरकवली.

खिडकीतलं ऊन आरशावरून हळूहळू सरकत चाललं होतं...

“सरक,” सर म्हणाले. “उजेड जातोय. माझी एकही काडी कधी सुटली नाही. मला बघू दे.”